गाणं लिहिणाऱ्यांनाही कवींच्या बैठकीत बसू द्या

आमच्या कविमंडळात एक वाद अधूनमधून हमखास पेटतो. कुणीतरी ध्रुवपद आणि तीन अंतरे असलेलं काहीतरी वाचतो, वाचता वाचता थोडं गुणगुणतो, संपलं की दोन क्षण कुणी काही बोलत नाही आणि मग एखादे ज्येष्ठ कवी अगदी प्रेमानं म्हणतात, छान आहे हो, पण हे गीत झालं. झालं, विषय संपला. पुढच्याची कविता सुरू. यमक कसं जमलंय, कुठे ओढूनताणून आणलंय, दुसरा अंतरा का सैल पडला, यातलं कुणी काहीच सांगत नाही, जसं काही गाण्यात तपासण्यासारखं काही नसतंच. मला हे अजिबात पटत नाही, कधीच पटलं नाही, आणि आता तर एका काव्यस्पर्धेच्या पत्रकात 'गीते, भावगीते, पोवाडे व लावण्या स्वीकारल्या जाणार नाहीत' असा सरळ छापील नियमच वाचला तेव्हा ठरवलं की यावर नीट बसून लिहायचं.

पहिली गोष्ट म्हणजे मराठीत हा नियम लावायचा तर नक्की कुणाकुणाला बाहेर काढणार आपण? तुकोबांपासून सुरुवात होईल. अभंग हा गायचाच प्रकार आहे, टाळ-मृदंगावर, उभं राहून. मोठ्या अभंगाची मोजणी बघा, पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात फक्त चार. सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. बोटावर मोजून बघा, ६, ६, ६, ४. आता हे नुसतं डोळ्यांनी वाचलं तर चौथा चरण आखूड का, हे कळतच नाही, पण भजनात बसून म्हटलं की लगेच कळतं, कारण त्या चार अक्षरांनंतर जी जागा उरते तिथे श्वास घेता येतो, टाळ ऐकू येतात आणि सगळे मिळून परत पहिल्यावर येतात. म्हणजे ओळीची लांबीच गाणाऱ्यांच्या छातीनं ठरवलेली आहे. आणि परंपरा सांगते की तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणाऱ्यांत संताजी जगनाडे होते, जे त्यांचे टाळकरी होते. ताल धरणाऱ्यानंच शब्द जपले, आणि आज आपण म्हणायचं की तालात आहे म्हणून हे थोडं खालचं?

बहिणाबाईंचं तर उदाहरण देताना मला दरवेळी भरून येतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरात, शेतात, जात्यावर काम करता करता त्या ओव्या रचून म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातलेच एक भाऊ त्या उतरवून घ्यायचे. १९५१ ला त्या गेल्या, १९५२ ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं आणि त्याचं नाव आहे 'बहिणाबाईंची गाणी'. आपण शाळेत तीच गाणी 'कविता' म्हणून पाठ केली, त्यावर रसग्रहणं लिहिली, मार्क मिळवले. कुणाला काही अडचण आली नाही. तीच बाई आज आमच्या बैठकीत आली असती आणि तिनं गाऊन दाखवलं असतं तर? हा प्रश्न मी बैठकीत विचारलेला आहे आणि त्यावर उत्तर आलं की अहो बहिणाबाईंची गोष्ट वेगळी. वेगळी कशी? त्या मोठ्या ठरल्या म्हणून वेगळी, एवढंच. मोठं ठरायच्या आधी त्या एक गाणारी बाईच होत्या. आणि अशा बायका लाखोंनी होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त, त्यातल्या काही ओव्या वाचल्या तरी कळतं की प्रतिमा म्हणजे काय हे शिकायला कुठल्या शिबिराला जायची गरज नाही.

बरं, कवींच्या गटात गाणं चालत नाही ही काही फार जुनी रीत नाहीये. पुण्यात १९२३ च्या सुमारास रविकिरण मंडळ जमलं, माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे. आपल्याकडचं कविमंडळ म्हटलं की सगळ्यात आधी तेच नाव येतं. आणि ही मंडळी कविता गाऊन म्हणायची! गावोगावी जाऊन कविता गायच्या, लोक ऐकायला गर्दी करायचे, मराठीत कविता घराघरात गेली त्यात या गाण्याचा मोठा हात आहे. त्यांच्या आधीचे भा. रा. तांबे, त्यांच्या तर कित्येक कवितांखाली राग लिहिलेला सापडतो. पुढे गजानन वाटव्यांसारखे गायक नुसती पेटी घेऊन चौकात, गणेशोत्सवात नवीन कवींच्या कविता गायचे आणि त्यातनं भावगीत उभं राहिलं. म्हणजे तेव्हा कवी आणि गाणं लिहिणारा ही दोन वेगळी माणसं नव्हतीच.

मग बिनसलं कुठे? माझं मत सांगते. रविकिरण मंडळाच्या गोड गाण्याचा नंतर अतिरेक झाला, तेच चंद्र, तेच प्रियकर, अत्र्यांनी 'झेंडूची फुले' मध्ये त्याची विडंबनं करून सगळ्यांना पोट धरून हसवलं. नंतर मर्ढेकर आले, १९४७ ला 'काही कविता' आलं, आणि कविता गळ्यातून निघून कागदावर आली, एकट्यानं वाचायची झाली. हे व्हायला हवंच होतं, गिरणीतल्या आणि लोकलमधल्या माणसाचं जे मर्ढेकरांना सांगायचं होतं ते पेटीवर बसलंच नसतं. पण गंमत बघा, मर्ढेकरांनी स्वतः अभंग सोडला नाही, ओवी सोडली नाही, त्यांच्या कितीतरी कविता त्याच जुन्या चालीत चालतात आणि म्हणूनच त्यातला विसंवाद जास्त झोंबतो. अरुण कोलटकर पखवाज शिकले होते, गाणीही लिहीत होते. म्हणजे ज्यांना आपण 'शुद्ध कविता' म्हणून पुढे करतो त्यांचे कान गाण्यात तयार झालेले होते. नंतरच्यांनी मात्र तेवढंच उचललं की गेय असेल तर ते हलकं.

त्यातच रेडिओ आणि सिनेमा आला. सिनेमासाठी लिहिणं म्हणजे ऑर्डरीनुसार लिहिणं, पैशासाठी लिहिणं, अशी एक समजूत बसली. शांता शेळक्यांनी आपली कितीतरी चित्रपटगीतं 'डॉ. वसंत अवसरे' या नावानं लिहिली, आजही रेकॉर्डवर ते नाव वाचून लोक विचारतात की हे डॉक्टर कोण. आणि ऑर्डरीनुसार लिहिणं म्हणजे कमी दर्जाचं, हे तरी खरं आहे का? गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रासाठी लिहिलं गेलं. १ एप्रिल १९५५ ला पहिलं गाणं लागलं आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक, अशी एकूण ५६ गाणी. दर आठवड्याला गदिमांनी शब्द द्यायचे, फडक्यांनी चाल लावायची, की रेडिओवर. यापेक्षा मोठी डेडलाइन कुठल्या कवीला असते सांगा. आणि प्रत्येक गाण्यात बोलणारं पात्र निराळं, त्याची भाषा निराळी. तेच गदिमा १९७३ ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, शांताबाई १९९६ ला आळंदीच्या. संमेलनानं त्यांना अध्यक्ष केलं आणि आमच्या गावची स्पर्धा त्यांची एन्ट्री परत पाठवेल, असा हा हिशोब.

२०१६ मध्ये बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा आमच्याकडेही चर्चा झाली, गाणी लिहिणाऱ्याला साहित्याचं नोबेल कसं काय म्हणून. ज्या देशातल्या पहिल्या नोबेलवाल्या कवीनं आयुष्यभर गाणी रचली आणि स्वतः चाली लावल्या, तिथे तरी हा प्रश्न पडायला नको होता. असो.

आता मुद्द्यावर येते. गाण्याला जागा द्या म्हणजे गाण्याला सूट द्या असं मी म्हणत नाहीये, उलट मला वाटतं की गाणं कवितेपेक्षा जास्त कडक तपासलं पाहिजे आणि तपासायची पद्धत मात्र त्याची स्वतःची पाहिजे. एक उदाहरण देते, आमच्या बैठकीतलंच. एका मुलानं ओळ आणली होती,

पाखरांत आभाळ हरवले

वाचायला सुंदर. मात्रा मोजल्या (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन) तर बरोबर सोळा. कागदावर काही म्हणजे काही चूक नाही, सगळ्यांनी वाहवा केली. पण त्यानं ती केरव्यात बसवली होती, आठ मात्रांचा ताल, म्हणजे ओळीचे आठ-आठचे दोन तुकडे पडणार. आता गाऊन बघा. पहिले आठ होतात 'पाखरांत आ' आणि दुसरे आठ 'भाळ हरवले'. आभाळाचे दोन तुकडे झाले आणि ऐकणाऱ्याला वाटलं की कुणाचं तरी भाळ हरवलंय! डोळ्यांना जे दिसत नाही ते कानाला लगेच टोचतं. मग तिथेच बसून दोघातिघांनी डोकं लावलं आणि ओळ झाली,

पाखरांसवे आभाळ उडे

पुन्हा आठ आणि आठ, पण आता तुकडा बरोबर शब्दाच्या फटीत पडतो. आणि माझ्या मते ओळ अर्थानंही पुढे गेली, कारण हरवणारं आभाळ आपण हजारदा वाचलंय, पाखरांबरोबर उडायला लागलेलं आभाळ तेवढं नाही वाचलेलं. तालाच्या अडचणीनं कवीला सोपा शब्द सोडायला लावला. ही जी शिस्त आहे ना, ती मुक्तछंदात लिहिणाऱ्यालाही हवीच आहे, आणि ती शिकायची जागा गाणं हीच आहे.

दुसरं एक उदाहरण. आमच्याकडे एक ताई येतात, एसटीत कंडक्टर आहेत, माहेरी भजनी मंडळात वाढल्या. त्यांनी पुराच्या वर्षावर एक गाणं रचलंय, त्याचं ध्रुवपद असं आहे (त्यांची परवानगी घेऊन लिहितेय),

घर पाण्याने वाहुन गेले
चूल तरीही पेटत राही

यावर बैठकीत पहिली सूचना काय आली, तर 'वाहुन' हे अशुद्ध आहे, 'वाहून' करा. आता 'वाहून' केलं की एक मात्रा वाढते, सोळाच्या सतरा होतात आणि म्हणताना तिथेच ठेच लागते. ऱ्हस्व-दीर्घाची ही सवलत कवितेत आजची नाही, वृत्तात लिहिणाऱ्या सगळ्या जुन्या कवींनी ती घेतलेली आहे, आणि सूचना करणाऱ्यांना हे माहीतही होतं. पण समोर एक कंडक्टर बाई गाणं म्हणत होती, तेव्हा ती सवलत कुणाला आठवली नाही. पंडितांनी केलं की वृत्तासाठी आणि ताईंनी केलं की शुद्धलेखनाची चूक. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं आणि रागही आला. आणि हो, कुणीही त्यांना हे विचारलं नाही की पुरात चूल पेटत राहिली ती कुठे, शाळेच्या व्हरांड्यात की रस्त्यावर. तिसऱ्या अंतऱ्यात ते येतं. पण तिथपर्यंत ऐकूनच घेतलं नाही.

इथेच या सगळ्याचं मूळ आहे असं मला वाटतं. 'गीत नको' असा नियम केला की दारात कोण अडतं बघा. भजनात वाढलेली माणसं, भारुडं बघत मोठी झालेली, जलशातली, शाहिरीतली. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं पण गाणं होतं. अण्णा भाऊ साठ्यांची मैनेची छक्कड (लावणीचाच एक प्रकार) घ्या, पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं झुरतोय, अगदी घरगुती विरह, आणि बघता बघता ती ताटातूट बेळगाव-कारवारपासून तोडलेल्या महाराष्ट्राची होऊन जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून हे लोकांनी डोक्यावर घेतलं. एका व्यक्तीच्या दुःखातून अख्ख्या प्रदेशाचं दुःख बोलायचं, हे काम कविता करते असं आपणच शिकवतो ना? वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, लिहाय-वाचायला मोठेपणी शिकले, आणि हजारो गीतं रचून गावोगाव गायली. आंबेडकरांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोचला त्यात या गाण्यांचा वाटा फार मोठा आहे. 'पोवाडे स्वीकारले जाणार नाहीत' ही ओळ ज्यांनी छापली त्यांच्या मनात असं काही नसेलही, पण परिणाम तोच होतो.

आता समोरच्या बाजूचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. बरीच गाणी चाल काढून घेतली की उरत नाहीत. 'साजणा', 'गं सये', 'रे मना' असे भरतीचे शब्द पेरून मात्रा पुऱ्या केलेल्या असतात, ध्रुवपद चारदा येतं आणि चारही वेळा तेवढाच अर्थ घेऊन येतं. हे दोष आहेत, आणि ते तोंडावर सांगितले पाहिजेत. चांगल्या गाण्यात प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपद परत येतं तेव्हा त्याचा अर्थ थोडा सरकलेला असतो, शब्द तेच पण ऐकणारा आता वेगळ्या जागी उभा असतो. ताईंच्या गाण्यात 'चूल तरीही पेटत राही' पहिल्यांदा येतं तेव्हा जिद्द वाटते आणि शेवटच्या अंतऱ्यानंतर येतं तेव्हा बाईच्या मागचं कधीच न सुटणारं काम वाटतं, थकवा वाटतो. हे तपासायला बैठक पाहिजेच. बैठकीनं 'हे गीत आहे' म्हणून सोडून दिलं तर शिकणार कुठून माणूस?

आणि उलट बाजूनंही बघा, जी कविता गाण्यासाठी लिहिलेलीच नव्हती ती गाण्यामुळे किती लोकांपर्यंत गेली. ग्रेस दुर्बोध म्हणून लोक लांब राहायचे, पण 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत हृदयनाथांच्या चालीत, लताबाईंच्या आवाजात घराघरात वाजलं आणि त्यातून कितीतरी जण ग्रेसांच्या पुस्तकापर्यंत पोचले, मीही त्यातलीच. आरती प्रभू, सुरेश भट, महानोर, सगळ्यांच्या बाबतीत हेच. महानोर तर 'जैत रे जैत'ला गेले तेव्हा रानातली बोली बरोबर घेऊनच गेले, सिनेमासाठी म्हणून वेगळा गुळगुळीत शब्द नाही वापरला त्यांनी.

दुसऱ्याच्या चालीवर लिहिणं हाही एक भांडणाचा मुद्दा असतो. माझं म्हणणं, लिहा की. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्या तरी आधीच्या पदाची ओळ स्वच्छ छापलेली असते. लपवाछपवी नाही. आपणही तसंच वर लिहावं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की चालीचं श्रेय कुणाचं आणि शब्दांचं कुणाचं. कायद्यानंसुद्धा हे दोन वेगळेच धरलेत, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीच्या व्याख्येतून गायचे शब्द बाहेर ठेवलेत, शब्द हे साहित्यकृती म्हणून मोजले जातात आणि लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्यावर हक्क राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकारांचा रॉयल्टीचा हक्क आणखी पक्का केला. म्हणजे संसदेच्या लेखी गाण्याचे शब्द साहित्य आहेत.

तर त्या स्पर्धेच्या आयोजकांना मी पत्र टाकलंय. भांडणाच्या सुरात नाही, त्यांची मेहनत मला दिसते, एवढ्या एन्ट्र्या वाचणं सोपं नसतं. नियम काढून टाका आणि त्याजागी तीन गोष्टी छापा असं सुचवलंय. गीत असेल तर वर चाल किंवा ताल लिहावा, चाल दुसऱ्याची असेल तर तसं नमूद करावं, आणि वाचनाच्या फेरीत गाणाऱ्याला गाऊ द्यावं पण पेटी-तबल्याशिवाय, नुसत्या गळ्यावर, म्हणजे वाद्याच्या आडोशाला शब्द लपणार नाहीत. परीक्षकांत भजन किंवा शाहिरी जाणणारा एक तरी माणूस असावा हेही लिहिलंय. आमच्या मंडळात मात्र पुढच्या बैठकीपासून हे सुरू करायचं ठरलंय, पहिली पाळी ताईंची, पूर्ण गाणं, तिन्ही अंतरे, मध्ये कुणी बोलायचं नाही आणि नंतर सगळ्यांनी बोलायचं. तुमच्याकडे, तुमच्या गावात ही बैठक कशी चालते ते जरूर कळवा, आम्हाला त्यातलं काही उचलता आलं तर उचलू.